डिसेंबरात भारतात जाताना हीटर बंद करावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भारतवारीला निघताना अमेरिकेतलं घर कसं बंद करावं, या माझ्या टिपणावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. सूर रागाचा आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा आठवडे घरात चिटपाखरू नसताना हीटर ५५ फॅरनहाइटवर चालू ठेवणं म्हणजे पैसा आणि गॅस जाळणं. तुम्ही न्यू जर्सीत दर वर्षी तो सरळ बंद करून जाता, आजवर काही झालेलं नाही. झालंच तर फोनवर कळवणारा थर्मोस्टॅट आहे, वर इन्शुरन्स आहे. आणि आमच्या वयाची मंडळी असं लिहून नव्याने आलेल्या मुलांना उगाच घाबरवतात.

पैशाचं आधी बोलू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'घर गार पडू दिलं तर परत तापवायला जास्त गॅस लागतो' हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी मंडळात ऐकू येतं आणि ते चूक आहे. घरातून उष्णता किती निसटणार हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर २५ फॅरनहाइट आणि आत ६८ असेल तर फरक ४३ अंशांचा. आत ५५ ठेवलं तर ३० अंशांचा, म्हणजे गळती साधारण तीस टक्क्यांनी कमी. हीटर पूर्ण बंद केला तर बचत आणखी होते, यात शंका नाही. पण मी ५५ सांगतो ते बचतीसाठी नाही, भिंतींतल्या पाण्यासाठी.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फुटला अशी आपली समजूत होते. पुष्कळदा तसं होत नाही. बाहेरच्या भिंतीतल्या पाइपमध्ये आधी बर्फाचा बोळा बसतो. तो बोळा आणि पुढचा बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी उरतं, त्याला जायला वाट नसते. बोळा वाढत जातो तसा त्या अडकलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि पाइप कमकुवत जागी, एखाद्या एल्बोपाशी (वळणापाशी) किंवा जोडापाशी, फाटतो. तांब्याचा पाइप उभा चिरतो. पेक्सचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप थोडा ताणून घेतो, पण त्याचे जोड तितकं सोसत नाहीत. पाइप फुटला त्या दिवशी बहुधा काही दिसतही नाही, कारण बर्फानेच वाट बुजलेली असते. थंडी ओसरली, बोळा वितळला की पाणी सुरू होतं आणि मेन, म्हणजे घराला येणारं मुख्य पाणी, चालू असेल तर ते थांबत नाही. एक अष्टमांश इंचाची चीर दिवसाला अडीचशे गॅलनपर्यंत, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी सोडू शकते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्लॅब गळला तर डाग पडतो, पोपडे निघतात. इथे ड्रायवॉल जिप्समचा, मधे फायबरग्लास, खाली लाकडी फळ्या. भिजलेला ड्रायवॉल एक-दोन दिवसांत सुकवला नाही तर बुरशी धरते, आणि तुम्ही सहा आठवड्यांनी परतणार आहात.

'आजवर काही झालेलं नाही' याचं कारणही इथेच आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात बिनसंरक्षणाच्या पाइपांसाठी धोक्याची खूण म्हणून बाहेरचं २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअसच्या आसपासचं तापमान धरलं गेलं. तुमच्या भागात काही हिवाळे असे जातात की पारा त्याखाली फार वेळ टिकत नाही. तेव्हा बंद घरही निभावून जातं. पण २०२२च्या नाताळात पारा काही तासांत कोसळला, तोही नेमका लोक गावाला गेलेले असताना. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासात वीज गेली, घरं आतून गार पडली आणि ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये पाइप फुटत गेले. तिथे बऱ्याच घरांत पाइप छपराखालच्या माळ्यातून, म्हणजे अ‍ॅटिकमधून नेलेले असतात. हीटर बंद केलेल्या घरात बाहेरची भिंत त्या अ‍ॅटिकसारखीच होते. खिडकीखालचं किचन सिंक, गॅरेजवरची बाथरूम, फ्रिजच्या बर्फासाठी गेलेली पाव इंची नळी: तुमच्या घरात यांतलं काय बाहेरच्या भिंतीला आहे ते एकदा पाहाच.

म्हणून माझ्या टिपणात ५५च्याही आधी मेन व्हॉल्व्ह होता. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं. कारण एकच काम करायला वेळ असेल तर ते हे करा.

बेसमेंट असेल तर मेन व्हॉल्व्ह बहुधा रस्त्याकडच्या भिंतीशी, मीटरजवळ असतो. बेसमेंट नसेल तर गॅरेजमध्ये किंवा वॉटर हीटरच्या कपाटात बघा. सरळ दांडी असेल तर ती पाइपच्या रेषेत असताना चालू आणि आडवी केली की बंद. गोल चाक असेल तर ते घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, पण बळ लावायचं नाही. जुनी चाकं वर्षानुवर्षं न फिरवल्याने धरून बसतात आणि जोर केला तर दांडाच तुटतो. ही परीक्षा विमानाच्या दिवशी घ्यायची नसते. नोव्हेंबरात एकदा बंद-चालू करून बघा, आणि अडत असेल तर तेव्हाच प्लंबर बोलवा. बंद केल्यावर वरच्या मजल्यावरचा एक नळ आणि सगळ्यात खालचा नळ उघडा, म्हणजे वरून हवा शिरते आणि पाणी खाली उतरतं. सगळे फ्लश ओढा. खालचा नळ उघडाच राहू द्या. व्हॉल्व्ह थोडा पाझरत असला तर ते पाणी भिंतीत न जाता सिंकमधून निघून जाईल. फ्रिजचा आइसमेकर बंद करा, फर्नेसला (घर तापवणाऱ्या हीटरला) लावलेल्या ह्युमिडिफायरचं पाणी बंद करा. गॅसचा वॉटर हीटर 'व्हेकेशन'वर, विजेचा असेल तर त्याचा ब्रेकरच खाली. टाकीत पाणी कमी झालं आणि आतली कॉइल उघडी पडून तापली तर ती जळते.

दोन अपवाद आहेत. घर जुनं असून गरम पाण्याचे किंवा वाफेचे रेडिएटर असतील तर बॉयलरला जाणारं पाणी आपल्या मनाने तोडू नका, टेक्निशियनला विचारा. आणि नव्या टाउनहाउसांच्या छतात पुष्कळदा आग विझवणारे स्प्रिंकलर असतात. त्यांचं पाणी बंद करायचं नसतं, त्यामुळे तिथे हीटर चालू ठेवण्याला पर्यायच नाही. अपार्टमेंटमध्ये तर तुमचा पाइप फुटला की पाणी खालच्या माणसाच्या पलंगावर पडतं.

तुम्ही विचाराल, मेन बंद केला तर मग ५५ कशाला? कारण नळ उघडून सगळं पाणी जात नाही. वॉटर हीटरच्या टाकीत चाळीस-पन्नास गॅलन असतं. कमोडमध्ये, डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनच्या पंपात, प्रत्येक सिंकखालच्या वाकड्या नळीत पाणी उरतं. ते गोठलं की कमोड तडकतो, पंप फुटतो. हीटर खरोखरच बंद करायचा तर हे सगळं रिकामं करावं लागतं. टाकीला होज लावून ती उपसायची, कॉम्प्रेसरने पाइपांतून हवा मारायची आणि कमोडमध्ये व वाकड्या नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ ओतायचं. गुलाबीच, गाडीतलं हिरवं नाही, ते विषारी असतं. तळ्याकाठची उन्हाळी घरं लोक दर वर्षी अशी बंद करतात. तुम्ही एवढं करणार असाल तर बंद करा हीटर, माझी काही हरकत नाही. नुसतं बटण दाबून निघून जाऊ नका, इतकंच.

इन्शुरन्सचा आधार तुम्ही धरलाय, तर आजच पॉलिसी काढून 'गोठणे' हा भाग वाचा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत साधारण असं असतं की गोठून झालेलं नुकसान भरून मिळेल, पण तुम्ही घर गरम ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे, किंवा पाणी बंद करून सगळी यंत्रणा रिकामी केलेली असली पाहिजे. तुम्ही यांतलं एकही करत नाही. डिसेंबर-जानेवारीचं गॅसचं बिल जवळपास शून्य, हे दावा तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

राहिला फोनवर कळवणारा थर्मोस्टॅट. चांगली वस्तू आहे, जरूर लावा, पाण्याचे सेन्सरही लावा. पण वीज किंवा वायफाय गेलं की तो गप्प होतो. आणि समजा कळलं, तर नाशिकमध्ये बसून तुम्ही काय करणार? न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दुपारचे चार वाजलेले असतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे अडीच. फोन बघायला कुणी जागं असलं तरी दार उघडायला इथे कुणी हवं. म्हणून किल्ली एका शेजाऱ्याकडे ठेवा. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्याला हाताला धरून दाखवा, आठवड्यातून एकदा चक्कर मारायला सांगा, आणि त्याच्या सुट्टीत तुम्ही त्याचं घर बघा.

त्या चकरेत त्याने काय बघायचं तेही लिहून द्या. थर्मोस्टॅटचा आकडा. मग घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे पीव्हीसी पाइप: नव्या फर्नेसची हवा त्यांतूनच आत-बाहेर होते. बर्फाचा ढीग त्यांच्या तोंडापर्यंत आला की फर्नेस स्वतःला बंद करून घेतं आणि ५५चं बघता बघता ४० होतं. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालणारा असेल तर निघण्यापूर्वी नव्या बॅटऱ्या घाला. दोन सेल संपले म्हणून फर्नेस पेटलंच नाही, असंही घडतं. आकडा लावल्यावर 'होल्ड' दाबा, नाहीतर आधीचं वेळापत्रक रोज सकाळी रिकामं घर ६८पर्यंत तापवत बसेल, आणि मग तुमची वाया गेलेल्या गॅसची तक्रार शंभर टक्के खरी ठरेल. फिल्टर नवा घाला, बाण फर्नेसच्या दिशेने. एक इंची फिल्टर फार दाट जाळीचा घेऊ नका. हवा अडली की फर्नेस जास्त तापून मधेच थांबतं. आणि अंगणातल्या नळाला लावलेला होज आठवणीने काढा. 'फ्रॉस्ट-फ्री' नळसुद्धा होज लागलेला असेल तर पाणी धरून ठेवतो आणि भिंतीच्या आत फुटतो. ते कळतं एप्रिलमध्ये, झाडांना पाणी घालायला नळ उघडल्यावर बेसमेंटमध्ये.

घाबरवण्याबद्दल: नव्याने घर घेतलेल्या मुलामुलींना घर देताना व्हॉल्व्ह कुठे आहे हेसुद्धा कुणी दाखवत नाही. गच्चीवरच्या टाकीच्या देशातून आलेल्या माणसाला भिंतीत दाबाखाली उभं असलेलं पाणी ठाऊक असण्याचं कारण नाही. माहीत असलेल्याने ते सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं, आणि मी सांगत राहीन.

परत आल्यावरचा क्रम आधीच्या टिपणात राहून गेला होता, तो इथे देतो. आधी घर ६५-६८पर्यंत तापू द्या आणि तोवर बेसमेंटपासून वरपर्यंत छतं, सिंकखालची कपाटं बघून घ्या. वरच्या मजल्यावरचा एक नळ किलकिला ठेवून बाकीचे सगळे बंद करा. मेन व्हॉल्व्ह पाव भाग, हळू उघडा. एकदम उघडला तर रिकाम्या पाइपांत दणका बसतो. नळातली हवा फुरफुरून संपली की तोही बंद करा आणि मीटरच्या काचेतला लहानसा त्रिकोण बघा. तो फिरत असेल तर कुठेतरी गळतंय, मेन परत बंद करून प्लंबरला बोलवा. स्थिर असेल तर गरम पाण्याचा नळ उघडा, धार अखंड आली की टाकी भरली असं समजा, आणि मगच वॉटर हीटरचा ब्रेकर वर करा.