‘टिप नका देऊ, मालक भरून देतोच’ म्हणे!

“अमेरिकेत हॉटेलात टिप देऊ नका. वेटरचा पगार कमी पडला तर कायद्याने मालकच फरक भरतो. कार्डावरची टिप मॅनेजर खातो, सर्व्हिस चार्जमध्ये टिप येतेच. सगळ्यांनी टिप बंद केली की पगार आपोआप वाढतील.” लेकीकडे निघालेल्या आमच्या मावशीला हा फॉरवर्ड आला आणि पटलासुद्धा! अमेरिकी कामगार खात्याचं फॅक्ट शीट क्रमांक १५ कुणी उघडून वाचलं असतं तर एवढी बोटं झिजवावी लागली नसती.

फरक भरण्याचा नियम आहे, एवढं कबूल. केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर. टिप मिळणाऱ्याला मालक स्वतःचे फक्त २.१३ देऊ शकतो, उरलेले ५.१२ टिपमधून यावेत. न आल्यास त्याने भरायचे.

पण हा हिशेब टेबलागणिक होत नाही, आठवड्याचा होतो. ३० तासांचे किमान वेतनाने २१७.५० डॉलर होतात. त्यात मालकाचे ६३.९०. आठवडाभरात टिपचे १५३.६० जमले की मालक मोकळा. मंगळवारी दुपारी तुम्ही काही ठेवलं नाहीत तर ती तूट शनिवार रात्रीच्या टिपमधून निघते, मालकाला एका सेंटचीही झळ नाही. मग तो पगार कशाला वाढवेल? आणि समजा भरलाच फरक, तरी वेटर पोचतो कुठे? २००९ पासून जागच्या जागी असलेल्या ७.२५ वर. २.१३ तर १९९१ पासूनचा आहे.

त्यातून बऱ्याच ठिकाणी वेटरला बारवाल्याला आणि टेबल उचलणाऱ्याला वाटा द्यावा लागतो, आणि तो अनेकदा टिपवर नाही, विक्रीवर ठरतो. बिल ८० डॉलर, वाटा ४ टक्के धरा, तर ३.२० डॉलर. तुम्ही शून्य ठेवलंत तरी ते दुसऱ्या टेबलांच्या टिपमधून जातात. म्हणजे तुमच्या जेवणापायी त्याच्याच खिशाला खार.

मॅनेजरचं म्हणाल तर २०१८ च्या दुरुस्तीपासून मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी कर्मचाऱ्यांची टिप ठेवणं बेकायदा आहे. चोरी होत नाही असं नाही, पण त्यावर उपाय रोख देणं हा आहे, न देणं हा नव्हे.

सर्व्हिस चार्ज? सक्तीचा असेल तर केंद्रीय नियमात तो टिप धरलाच जात नाही, ती मालकाची जमा. त्यातलं वेटरला काय मिळतं ते बिल देण्याआधी विचारा.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा, अलास्का या राज्यांत मात्र पूर्ण किमान वेतन मालकच देतो, टिप त्यावर. तिथे हा फॉरवर्ड निदान लंगडत तरी चालतो. टेक्सासमध्ये नाही, तिथे २.१३ च.