समोर बघा की जरा!

किती वेळा सांगायचं? कयाकमध्ये, त्या वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीत, गळ टाकून बसलेला माणूस म्हणजे तरंगणारा ओंडका नव्हे! आज पहाटे पुन्हा तेच. मोटरबोट सुसाट येतेय, नाक आभाळात, आणि चालवणारा मान वळवून मागच्यांशी गप्पा मारतोय. शिट्टी फुंकून माझे गाल दुखले, वल्हं उंच धरून हलवलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? अगदी खेटून गेली. मागच्या लाटेनं कयाक इतकी कलली की मांडीवर पाणी आलं आणि गळाची दोरी पायाला गुंडाळली गेली.

३० नॉट म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर, सेकंदाला १५ मीटर. दीडशे मीटर दहा सेकंदांत संपतात! तेवढ्यात मी वल्ही मारत जाणार कुठे? वेग घेताना बोटीचं नाक उचलतं आणि पाण्यालगत बसलेला माणूस नेमका त्याआड जातो, हे चालवणाऱ्याला माहीत नको? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवाच नियम आहे: डोळ्यांनी आणि कानांनी सतत लक्ष ठेवा. सतत!

आणि आपलेच काही कयाकवाले! निळी कयाक, निळा शर्ट, काठीवर झेंडा नाही. अंधारात निघायचं आणि पांढरा दिवा पिशवीच्या तळाशी. बोटींच्या वाटेत मधोमध नांगर. लाइफ जॅकेट सीटमागे कोंबलेलं. अरे, उलटल्यावर, थंड पाण्यात, धाप लागलेली असताना ते घालता येणार आहे का?