वीस टक्के आणि तर्री पोहे

रविवारी शंकरनगर चौकातल्या ठेल्यावर पोह्यांवर तर्री पडायच्या आतच वाद पेटला. पंक्याच्या चुलतभावाचा वर्धा रोडवर अपघातात पाय गेला होता. सहा वर्षांनी अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलने 14 लाख मंजूर केले. त्यातले 20 टक्के वकिलाने घेतले.

"सरळ लुटलं बे! पाय याचा गेला अन् वाटा त्याचा!"

बंडूभाऊंना ते पटेना. "सहा वर्षं एक रुपया न घेता तारखा कोणी केल्या? केस पडली असती तं त्याले काय भेटलं असतं? अमेरिकेत तं तिसरा हिस्सा घेतात, केस कोर्टात चालली तं 40 टक्केही."

"तिकडे चालतं, भाऊ. इथे बंदी आहे," अनघा म्हणाली. ती हायकोर्टात ज्युनिअर वकील आहे, म्हणून आम्ही जरा गप्प बसतो. निकालावर फी ठरवायची नाही, मिळालेल्या पैशात हिस्सा घ्यायचा नाही, हा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा नियम. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेलंगणातल्या एका विधवेच्या केसमध्ये हेच सांगितलं. नवरा अपघातात गेलेला, वकिलाला 10 लाख देऊन झालेले, वर त्याने 3 लाखांचा चेक घेतलेला. तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी. कोर्टाने ती रद्द केली.

"मंग गरिबानं आधी फी कुठून आणावी?" बंडूभाऊ.

"विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं."

"फुकटच्या वकिलावर भरोसा कोण करते, बाई?"

मला दोघांचंही पटत होतं. पण बंदीमुळे टक्का काही थांबलेला नाही, फक्त कागदावरचा तोंडी झाला. करारच नाही, मग घासाघीस तरी कशावर करणार?

पंक्याने मोबाइलवर पासबुकाचा फोटो दाखवला. 14 पैकी 7 लाख कोर्टाने एफडीत टाकलेले, 7 खात्यात. त्याखालच्याच ओळीत 2,80,000, 'सेल्फ', म्हणजे चेकने रोख काढलेले. खातं उघडलं त्याच दिवशी वकिलाने चेकबुकातलं पहिलं पान कोरं सही करून घेतलं होतं म्हणे. म्हणजे हातात आलेल्या पैशातले 40 टक्के पहिल्याच आठवड्यात गेले.

"पावती?" अनघाने विचारलं.

"कायची पावती!"

"तरी बार कौन्सिलकडे तक्रार कर. मी लिहून देते."

पंक्याने तर्री ओरपली. "भाऊ नाही म्हणते. रक्कम वाढवून मागायचं अपील त्याच वकिलाकडे आहे न."