खुलासा: गोंगाटासाठी महागडे इअरफोनच लागतात, हे खरं नाही

‘गोंगाटात नीट ऐकू यायचं तर एएनसीवालेच इअरफोन घ्या, साधे वायरचे घेणं म्हणजे पैसे पाण्यात’ असा सल्ला सगळीकडे फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि त्यापायी लोकांचा नाहक खर्च होतो.

एएनसी म्हणजे बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तो दाबणं. इंजिनाची घरघर, पंख्याची घूंऽऽ अशा सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर ते उत्तम चालतं. पण माणसांची बडबड, भांड्यांचा खणखणाट, हॉर्न अडवायचं काम मुख्यतः कानात घट्ट बसलेला टिपच (इअरफोनच्या टोकाची रबरी किंवा फोमची टोपी) करतो. बॉक्सवर ईएनसी लिहिलं असेल तर फसूच नका. ती सोय माइकसाठी असते. समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जातो, तुमच्या कानाला काही फायदा नाही.

म्हणून आधी टिप बघा. सोबत आलेले सगळे आकार लावून पाहा. दोन्ही कानांना वेगळा आकार लागू शकतो. गाण्यातला बेस गायब वाटला तर टिप सैल आहे, दुखत असेल तर मोठा आहे. फोमचा टिप बोटांत चुरगळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. स्वस्त इअरफोनमध्येही यानं जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

टिप घट्ट बसला की गाण्याचा आवाजही कमी ठेवता येतो. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. रस्त्यावर चालताना मात्र एक कान मोकळाच ठेवा.