कानाची पाळी

गेल्या गुरुवारी बाळांच्या दवाखान्यात एका अनोळखी काकांनी भर वेटिंग रूममध्ये माझा संसार मोडायचा प्रयत्न केला, आणि वर जाताना अगदी प्रेमाने हात हलवून गेले. मला अजून राग आहे. नवरा म्हणतो सोड गं, पण त्याला सोड म्हणायला काय जातंय, उलट त्याने तर या विषयावर गप्प बसलेलंच बरं, का ते कळेलच पुढे.

तर आम्हाला मुलगी झाली. म्हणजे आम्ही दत्तक घेतली. घरी आली तेव्हा ९ दिवसांची होती, हा प्रकार घडला तेव्हा १५. त्याआधीची तीन वर्षं फाईल, मुलाखती, घर बघायला येणारी समाजसेविका (तिने "भांडण झालं की आधी कोण बोलतं?" असं विचारलं, आम्ही दोघं एकदमच "मी" म्हणालो आणि तिच्यासमोरच एक छोटं भांडण झालं), ते सगळं सांगत बसत नाही. मंगळवारी फोन आला, शुक्रवारी बाळ घरात. लोकांना नऊ महिने मिळतात, आम्हाला तीन दिवस मिळाले, त्यातला एक बाटल्या कुठल्या घ्यायच्या यावर वाद घालण्यात गेला.

गुरुवारी वजन करायला गेलो होतो. नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत घटतं, अगदी १० टक्क्यांपर्यंतही उतरू शकतं, आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या आकड्यावर येतं. आमच्या बाईसाहेबांचे दोन आठवडे आदल्या दिवशी भरले होते, त्यामुळे मी रात्रभर ती हलकी लागतेय का जड हे हातावर तोलून बघत होते. त्या मनःस्थितीत काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. गरोदरपणात रक्तदाब होता का, साखर होती का, प्रसूती कशी झाली, आईकडे कुणाला काय, वडिलांकडे कुणाला काय. मी सात ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं.

"माहीत नाही असं कसं मॅडम? तुम्हीच आई ना?"

"हो."

"मग तुम्हाला बीपी होतं का नव्हतं हे तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "आत्ता आहे."

एका चौकोनात 'दत्तक' छापायला कितीशी शाई लागते हो? नाही, खरंच विचारतेय. बरं, त्या फॉर्मवर अपगार स्कोअर असाही एक रकाना होता. व्हर्जिनिया अपगार म्हणून भूलतज्ज्ञ डॉक्टर होत्या, त्यांनी १९५२ साली ही पद्धत काढली, बाळ जन्मलं की एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी त्याला १० पैकी मार्क द्यायचे, रंग, ठोके, हालचाल वगैरे बघून. आमच्या मुलीचे मार्क फाईलमध्ये होते. ९. तेवढा एकच रकाना मी ऐटीत भरला, अक्षर पण चांगलं काढलं, जसा काही अभ्यास मीच घेतला होता.

आणि मग काका.

ते आमच्या शेजारच्या खुर्चीत होते. सून नातवाला घेऊन आत गेलेली, काका पिशवी सांभाळायला बाहेर. खिशात दोन पेनं, चष्मा कपाळावर. मी बसले न बसले तोच त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "बघू." परवानगी वगैरे नाही, बघू. लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत तिच्याकडे, परत माझ्याकडे. दोन रकमा जुळत नसल्या की बँकेतला माणूस कसा बघतो, तसं.

"तुमच्यावर नाही गेली."

"हो का," मी म्हटलं.

"नाक नाही, हनुवटी नाही. कपाळाचं इतक्यात सांगता येत नाही." मग नवऱ्याकडे वळून, "साहेब, जरा तिकडे तोंड करा." आणि माझा नवरा, ज्याला घरात गॅस बंद कर हे तीनदा सांगावं लागतं, तो पहिल्या हाकेला भिंतीकडे तोंड करून बसला.

"हं," काका म्हणाले. "कान."

"कानांचं काय?"

"यांचे आहेत. डावा बघा तुम्ही. वरची कड बघा, इथे जरा चपटी होते आणि मग वळते. आणि पाळी बघा, गालाला चिकटलेली. डिट्टो!"

मग त्यांनी आपली पात्रता सांगितली, ती मी न विचारता. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ३१ वर्षं. मुख्य धंदा पासपोर्टचे फोटो. "दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, नाहीतर फोटो परत येतो. लोक चेहरे बघतात हो ताई, मी कान बघितले. केस मागे घ्या, कान दाखवा. केस मागे घ्या, कान दाखवा. जन्म गेला. माणूस खोटं हसेल, पोट आत घेईल, केस काळे करेल, कानाचं काय करणार? एकदा एक गिऱ्हाईक आलं, मी म्हटलं तुमचे वडील येऊन गेलेत चौदा वर्षांपूर्वी, निळा शर्ट. चाट पडला."

एव्हाना समोरच्या रांगेतल्या दोन आया, एक आजोबा आणि काउंटरवरची ती बीपीवाली, सगळ्यांनी कान टवकारले होते. किंबहुना एका आईने आपल्या बाळाची टोपी जरा वर सरकवून खात्री करून घेतली, मी बघितलं.

मी म्हटलं मिटवून टाकू. "काका, ती दत्तक आहे."

आता या वाक्यानंतर काय होतं हे मला सहा दिवसांत पाठ झालंय. एक प्रकार म्हणजे आवाज खाली आणणारे, आपण जणू काही वाईट बातमी दिली. दुसरे पुण्यवाले, "केवढं पुण्याचं काम केलंत," अहो पुण्य कसलं, मूल हवं होतं, घेतलं, यात पुण्य असेल तर रात्री तीनला ते कुठे जमा होतंय ते मला दाखवा. आणि तिसरे आयतंवाले. माझ्याच नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "तुझं बरंय, कळा नाहीत, टाके नाहीत, आयतं बाळ!" आयतं. तीन वर्षं. पगाराच्या स्लिपा, डॉक्टरांचे दाखले, तुमच्या लहानपणातली सगळ्यात कडू आठवण कुठली असले प्रश्न, आणि फोन वाजला की पोटात गोळा. आयतं म्हणे. जाऊ दे, त्या काकूंवर वेगळं लिहावं लागेल.

पण हे काका यातले कुठलेच निघाले नाहीत. ते म्हणाले, "असं कसं?"

"म्हणजे?"

"असं होणार नाही. कान बघा."

"काका, आम्ही तिला दत्तक घेतलंय. मला माहितेय ना. मी तिथे होते."

"तुम्ही म्हणताय ते ठीक आहे ताई," काका समजुतीच्या सुरात, "पण कान काय म्हणतोय?"

"कागद आहेत आमच्याकडे!"

"कागद असतील हो. कागद काय, मी अटेस्टेड कागदांचे गठ्ठे बघितलेत." आणि मग ते थांबले. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिरताना मला अक्षरशः दिसलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग खुर्ची सरकवून, आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली आणून, विचारलं,

"साहेब, कामानिमित्त बाहेरगावी वगैरे जाणं असतं का तुमचं?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? हसला असता, चिडला असता, उठून गेला असता. माझा नवरा सहा रात्री झोपला नव्हता. त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि म्हणाला, "फार नाही. गेल्या वर्षी दोनदा."

वेटिंग रूममध्ये एवढी शांतता झाली की कुणाच्यातरी बाळाची उचकी ऐकू आली. आमच्याच होती.

काकांनी सावकाश मान हलवली. मग माझ्याकडे वळले, आणि ती नजर मी विसरणार नाही, इतकी निखळ दया माझी आजवर कुणी केली नव्हती. ताईवरून ते एकदम पोरीवर आले. "जाऊ दे पोरी. झालं ते झालं. लेकराचा काय दोष? तू मोठ्या मनाची." तेवढ्यात सून बाहेर आली, काका पिशवी घेऊन उठले, नवऱ्याकडे न बघता निघाले, दारात लेकीला हात हलवला आणि गेले.

वजन भरलं होतं. जन्माच्या वजनाच्या वर ४० ग्रॅम! ज्या आकड्यासाठी मी रात्र काढली तो आला आणि त्याचा आनंद करायला आम्ही बोलत कुठे होतो. गाडीत बसल्यावर मी एवढंच विचारलं, "दोनदा कशाला म्हणालास?" तर म्हणे, "दोनदाच गेलो होतो ना."

आता मी काही हलक्या कानाची नाही. तीन वर्षांची फाईल मी स्वतः भरलीये, सगळं मला माहितेय, शंका बिंका काही नाही. फक्त रात्रीची पाळी माझी होती. दर दोन-तीन तासांनी दूध, म्हणजे दिवसाला आठ-दहा वेळा, आणि पावडरचं दूध करायचं म्हणजे पाणी उकळून ७० अंशांच्या खाली न जाऊ देता त्यात पावडर घालायची, कारण पावडर निर्जंतुक नसते, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं, आणि मग तेच दूध बाळाच्या तोंडाला चालेल इतकं गार करायचं. म्हणजे आधी गरम कर म्हणून धावायचं, मग गार हो म्हणून नळाखाली बाटली धरून उभं राहायचं, आणि हे सगळं करेपर्यंत एक साडेतीन किलोंचा सायरन चालू. त्यात नवऱ्याला पहाटे शिंका येतात. शिंक आली की लेक दोन्ही हात फेकून असं काही दचकते की वाटतं छतावरून पडली. त्याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात, एर्न्स्ट मोरो नावाच्या डॉक्टरांनी १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलंय, त्यांच्याही घरी कुणीतरी शिंकत असणार.

तर दूध पाजता पाजता एका हातात मोबाईल, आणि मी बघत काय बसले? कान. दवाखान्यातून आल्यापासून तिचा डावा कान मी इतक्यांदा बघितलाय की ती बिचारी त्या बाजूला मान वळवायचीच बंद झाली. शोधलं तर काका अगदीच वेडे नव्हते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्टियाँ म्हणून एक गृहस्थ होते, ते गुन्हेगार ओळखायला कान मोजायचे. पण मग हेही सापडलं की नवजात बाळाच्या कानाची कूर्चा इतकी मऊ असते की पोटात जशी दाबली गेली तशी ती चपटी, दुमडलेली दिसू शकते. आणि ती चिकटलेली पाळी, शाळेत शिकवायचे ना एका जनुकावर ठरते म्हणून, ते पण तितकंसं खरं नाही, २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी संबंधित जवळजवळ ५० जागा सापडल्या गुणसूत्रांवर. चिकटलेल्या पाळ्यांची माणसं जगात कोट्यवधी आहेत. माझ्या ऑफिसात चार आहेत. काकांना हे सांगायला हवं होतं, पण असले मुद्दे नेहमी पहाटे तीनलाच सुचतात.

पाळी या शब्दाने माझा काय पिच्छा पुरवलाय बघा. किती वर्षं दर महिन्याला यायची ती, आली की मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. मग शेजारीपाजारी, "आता तुझी पाळी हं, गोड बातमी कधी?" आणि आता मूल आलं तर लोक तिच्या कानाची पाळी धरून बसलेत. कशाला कुणावर जायला हवंय तिने? लोक फोटो बघतात आणि झडतीच घेतात, डोळे कुणाचे, रंग कुणाचा, आणि काही जुळलं नाही की "खऱ्या आईवर गेली असेल." म्हणजे मग मी कोण, डबिंग केलेली? १९८० साली एक प्रयोग झाला होता, तीन दिवसांच्या आतल्या बाळांना वेगवेगळ्या बायकांचे आवाज ऐकवले तर ती आपल्या आईचाच आवाज लागावा म्हणून त्या तालात चोखायची, पोटात ऐकलेला असतो ना. हे वाचलं तेव्हाही पहाटच होती. मग मी बराच वेळ काही बोललेच नाही तिच्याशी, नुसती बाटली धरून बसले. तिला ओळखीचा असलेला आवाज कुठेतरी आहे, आणि कदाचित तशीच चपटी कड असलेला कानही कुठेतरी आहे, त्या बाईला आज झोप लागली असेल का कोण जाणे. माझा आवाज शिकायला नऊ महिने हिला पोटात मिळाले नाहीत, तर आता मला दिवसरात्र बडबड करावी लागणार, मी दुधाच्या डब्यावरच्या सूचनाच वाचून दाखवते.

पाजून झालं, ढेकर काढली, अर्धी माझ्या खांद्यावर. तिला या वयात २०-३० सेंटीमीटरपर्यंतचंच काय ते बरं दिसतं, म्हणजे ती डोळे फाडून जे बघत होती ते माझं नाक. माझ्यावर न गेलेलं. तिला झोपवलं, पाठीवर, आणि दबकत बाहेर आले तर बाथरूमचा दिवा चालू. दार अर्धवट उघडं. नवरा आरशासमोर उभा, एका हातात फोन, फोनवर लेकीचा फोटो, दुसऱ्या हाताने स्वतःचा डावा कान पुढे ओढून धरलेला.

मला बघून दचकला. दोन्ही हात फेकून.

मग म्हणाला, "कड नाही गं जुळत. पण पाळी जरा वाटते."