‘असिंक लावा, प्रोग्रेस द्या, विंडो हँग होणार नाही’ हे अर्धंच खरं

विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटमध्ये विंडोजच्या खिडक्या बनवायचं साधन) विंडो हँग झाली की एक सल्ला हमखास मिळतो: ‘मेथडला असिंक लावा, प्रोग्रेस क्लासचा (काम किती झालं ते कळवणारा) ऑब्जेक्ट पास करा, थ्रेडची कटकट संपली.’ 2012 च्या डॉटनेट 4.5 पासून मिळणारा हा क्लास उत्तमच आहे. त्याच्याभोवतीचे दावे मात्र टिकत नाहीत.

‘असिंक लावलं की काम बॅकग्राउंडला जातं.’ नाही जात. पहिल्या खरोखर थांबणाऱ्या अवेटपर्यंतचा (काम पूर्ण होण्याची वाट पाहणारी ओळ) कोड यूआय थ्रेडवरच, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या थ्रेडवरच चालतो. मेथडमध्ये अवेटच नसेल तर कंपायलर वर्षानुवर्षं सीएस1998 ही वॉर्निंग देत आलाय; ती वाचतो कोण? प्रोसेसर दमवणारा लूप टास्क.रनमध्येच (काम दुसऱ्या थ्रेडवर पाठवणारा कॉल) घालावा लागतो.

‘प्रोग्रेस आपोआप यूआय थ्रेडवर येतो.’ तो कुठे तयार केलाय, त्यावर आहे. कन्स्ट्रक्टर चालताना जो सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्ट (कोड कुठल्या थ्रेडवर परत पाठवायचा ते ठरवणारा) असेल तोच प्रोग्रेस धरून ठेवतो. क्लिक हँडलरमध्ये बनवला तर यूआयचा मिळतो. टास्क.रनच्या आत बनवला तर कॉलबॅक (प्रगती कळल्यावर चालणारा तुमचा कोड) थ्रेडपूलवर, म्हणजे बॅकग्राउंड थ्रेडवर चालतो आणि लेबलला हात लावताच क्रॉस-थ्रेड एक्सेप्शन. मग कुणीतरी ‘चेकफॉरइलीगलक्रॉसथ्रेडकॉल्स’ ही सेटिंग फॉल्स करायला सांगतं. त्याने तपासणी बंद होते, चूक जागच्या जागी राहते. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ही तपासणी एरवीही डीबगर जोडलेला असेल तरच चालू असते, तेव्हा ‘एक्सई तर नीट चालते’ हा काही पुरावा नव्हे.

‘प्रोग्रेसची रिपोर्ट मेथड (प्रगती कळवणारी) कितीही वेळा कॉल करा, ती थांबून राहत नाही.’ थांबत नाही, हाच तर घोळ आहे! 10 लाख ओळींची सीएसव्ही वाचताना दर ओळीला रिपोर्ट केला, तर 10 लाख कॉलबॅक यूआयच्या रांगेत जाऊन बसतात. विंडोज आधी पोस्ट केलेले मेसेज उचलतं, मग माउस-कीबोर्ड, आणि पेंट त्याच्याही मागे. म्हणजे टास्क.रन बिनचूक असूनही विंडो पांढरी पडते आणि ‘रद्द करा’ बटण दाबलेलं कळतच नाही. स्टॉपवॉच ठेवा, मागच्या रिपोर्टला 100 मिलिसेकंद झाले नसतील तर नवा गाळून टाका. शेवटचा मात्र गाळू नका, नाहीतर प्रोग्रेस बार 97 वरच अडकतो.

काम पॅरलल.फॉरईचवर (एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालणारा लूप) असेल तर आणखी एक गंमत: 42 आकडा घेतलेला थ्रेड 41 वाल्याच्या आधी रिपोर्ट करतो आणि बार मागे येतो. तिथे रिपोर्ट नकोच. इंटरलॉक्ड.इन्क्रिमेंटने (अनेक थ्रेडमधूनही आकडा न चुकता वाढवणारा कॉल) मोजा आणि यूआयवरचा 100 मिलिसेकंदांचा टायमर तो आकडा वाचू दे.

राहता राहिलं ‘लेबल 100 म्हणतं, बार अजून मागेच, म्हणजे थ्रेडिंग चुकलं.’ तसं नाही. व्हॅल्यू वाढली की बार ॲनिमेशनने हळूहळू सरकतो, कमी झाली की तिथेच बसतो. म्हणून 60 दाखवायचे तर आधी 61 द्या, लगेच 60. शेवटाला मॅक्सिमम 101 करा, व्हॅल्यू 101 द्या, मग मॅक्सिमम परत 100 वर आणा.