विनाउद्योग जिल्ह्यात उद्योग काढू पाहणाऱ्यांस

राज्य सरकारच्या २०१३ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत आमच्या हिंगोलीची नोंद 'विनाउद्योग जिल्हा' अशी झाली होती. असा मान राज्यात मोजक्याच जिल्ह्यांना मिळाला असल्याने तो जपणे हे आपले कर्तव्य ठरते. तरीही आमच्या जिल्ह्यातल्या वसमतची हळद वसमतलाच दळावी अशी दुर्बुद्धी कोणाला सुचलीच, तर त्याने पुढील सूचना ध्यानात घ्याव्यात. गेल्या महिन्यापर्यंत मीही त्याच दुर्बुद्धीने पछाडलेला होतो.

पहिली सूचना अशी की, अन्नप्रक्रिया अनुदान योजनेची माहितीपुस्तिका निम्मीच वाचावी. २०२० पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' या यादीत हिंगोलीपुढे हळदच लिहिलेली आहे, येथवर वाचून पुस्तिका मिटावी. पुढे वाचल्यास असे कळते की, अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले असून मिळाल्यावरही ते वेगळ्या खात्यात तीन वर्षे पडून राहते.

छायाप्रतींचे चार संच काढावेत. पाचवा लागतोच.

बँकेत जाताना मात्र मन घट्ट करून जावे. माझे प्रकरण जिल्हास्तरीय समितीने मंजूर केलेले होते, म्हणून मी पेढेच घेऊन निघालो होतो. शाखेतील साहेबांनी यंत्राच्या दरपत्रकावरून बोट फिरवले आणि विचारले, "हळद दळायला एवढं कशाला, गावात गिरणी नाही का?" नंतर त्यांनी प्लॉट तारण मागितला. दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मी नम्रपणे सांगितले. तेव्हा नियम आहेच, पण शाखेचे धोरण वेगळे आहे, असे तितक्याच नम्रपणे उत्तर मिळाले. त्यानंतर सातबारा तीन महिन्यांपेक्षा जुना निघाला. नवा आणला तेव्हा साहेबांची बदली झालेली होती, आणि नव्या साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून उघडली. फेब्रुवारीत ते म्हणाले, कर्जवाटपाचे उद्दिष्ट पूर्ण झाले, मार्चनंतर या. एप्रिलमध्ये गेलो तर म्हणाले, या वर्षीचे उद्दिष्ट अजून आलेले नाही. मग आमच्यासारख्यांनी यायचे तरी कोणत्या महिन्यात? हा तेरावा महिना कोणत्या पंचांगात असतो, तेवढे तरी सांगा!

थ्री-फेज जोडणीविषयी येथे काही लिहीत नाही.

संयम हवा, आणि तो इतिहास वाचून येतो. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील विभागांचा अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, ३,१८६ कोटी रुपये काढला. तो भरून निघावा म्हणून १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. दरम्यान याच प्रादेशिक असमतोलावर केळकर समितीचाही अहवाल येऊन गेला. एवढे सगळे होईपर्यंत मराठवाड्याने वाट पाहिली. तुमची तर सात-आठ महिन्यांचीच फाइल आहे.

यंत्र देणाऱ्याचा परवा पुन्हा फोन आला होता. आमची हळद यंदाही पोत्यांत भरून सांगलीला गेली, तिथे दळली गेली आणि पाकिटातून आमच्याच वाण्याच्या दुकानात परत आली. त्या पाकिटाच्या किमतीतली हमाली, भाडे आणि नफा यांतला एक रुपयाही वसमतच्या कोणा पोराच्या हातात पडत नाही, आणि राज्यकर्त्यांनो, तुम्ही व्यासपीठावरून सर्वसमावेशक विकासाची भाषणे करता! लाज वाटली पाहिजे. योजना जाहीर करून बँकेच्या दारात आम्हांला सोडून देता आणि मंजूर प्रकरणांचा आकडा मात्र स्वतःच्या नावावर लावता. त्यांतल्या किती प्रकरणांचे पैसे प्रत्यक्ष सुटले, कोणत्या शाखेने किती नाकारली आणि का, याची यादी दर महिन्याला जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर लावा. आणि नकार द्यायचाच असेल तर तो सही-शिक्क्यानिशी लेखी द्या. मला अजून तो तोंडीच मिळालेला आहे.